गळसरी हिरवी आहे

शर्वरीचा आवाज बिघडलाय, हे तिच्याआधी माझ्या बोटांना कळलं.

मी तिच्या कीर्तनात पेटी वाजवतो. लग्नाआधीपासून वाजवतो आणि आमचं लग्न त्या पेटीनंच जुळवलं, असं मिरजेत अजून सांगतात. पेटीवाल्यानं कीर्तनात तोंड उघडायचं नसतं. कीर्तनकारानं बोलायचं, गायचं, लोकांना हसवायचं, रडवायचं आणि पेटीवाल्यानं मान डोलवायची. मला ते कधी जड गेलं नाही, कारण घरीही साधारण हीच व्यवस्था होती.

तिची पट्टी काळी चार. त्या वर्षी दिवाळी झाली आणि वरच्या सुरांपाशी ती अडखळू लागली. मी गुपचूप अर्धा सूर खाली, पांढरी पाच धरली. तिच्या लक्षात आलं नाही. संक्रांतीपर्यंत काळी तीनवर उतरलो, तेव्हा मात्र तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

“पेटी उतरलीय का रे?” घरी आल्यावर तिनं विचारलं.

“पेटी कशी उतरेल? लाकडाची आहे ती.”

“मग मी उतरलेय का?”

ती दिवसभर पेंगत होती, भर दुपारी अंगावर शाल घेऊन बसत होती आणि तिचा आवाज कायम सर्दी झाल्यासारखा जाड येत होता. कीर्तनाच्या तीन तारखा तिनं कसल्यातरी सबबी सांगून मोडल्या. आवाजावर जगणारं माणूस आवाजाबद्दल खोटं बोलायला लागलं की समजावं, ते फार घाबरलंय.

डॉक्टर तरन्नुम मुजावर वयानं आमच्यापेक्षा बऱ्याच लहान. घसा आणि थायरॉइड हा त्यांचा विषय. त्यांनी टेबलावर घशाचा एक प्लॅस्टिकचा नमुना ठेवला आणि मधली लालसर ग्रंथी बोटानं दाखवली.

“ही थायरॉइड. हिच्या मागं श्वासनळी, तिच्या मागं अन्ननलिका आणि दोन्ही अंगांनी आवाजाच्या नसा. श्वास, घास आणि आवाज असे तिघं एका खोलीत भाड्यानं राहतात म्हणा ना. घरमालकीण ही. ती आजारी पडली की तिघांचीही पंचाईत. तुमच्या शरीरानं तिलाच शत्रू समजून पोखरलंय, ताई. तिचा रस कमी पडतोय, म्हणून आवाजाच्या पट्ट्यांना सूज आलीय.”

गोळ्या होत्याच. त्यांनी थकवा गेला, पण आवाज एक दिवस यायचा आणि चार दिवस जायचा. कीर्तनाची तारीख असा आवाज बघून ठरवता येत नाही. तेव्हा डॉक्टरांनी बीजग्रंथीचं नाव काढलं.

तिची गोष्ट सोपी होती. रुग्णाच्याच कातडीतल्या पेशी घेऊन पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांची थायरॉइडची पेशी बनवायची. शरीरानं पुन्हा तिच्यावर उठू नये म्हणून तिची ओळख थोडी बदलायची. मग ज्वारीच्या दाण्याएवढं बी मानेत एका बारीक जाळीवर रुजवायचं. रस कमी पडला की ग्रंथी वाढणार, पुरेसा झाला की थांबणार. माणसाला काही लक्षात ठेवायला नको.

“आणि गळ्याला गाठ दिसणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “जाळी अशी विणलीय की वाढली तर ती खाली, छातीच्या हाडामागं वाढते. गळा बाहेरून आहे तसाच राहतो. बायकांच्या ते जिवाला लागतं, म्हणून कंपनीनं मुद्दाम तशी केलीय.”

“पथ्य काय?” मी विचारलं. मला दुधी भोपळ्याची भीती वाटत होती.

“काही नाही. घरचं नेहमीचं जेवा.”

मी इतका खूश झालो की बाहेर पडून दोघांसाठी मिसळ मागवली.

बी बसवलं आणि गळ्याच्या खळगीवर एक पातळ चकती चिकटवली. तिला कंपनीनं नाव दिलं होतं गळसरी. रक्तात रस ठीक असला की तिच्यावरचा ठिपका हिरवा, कमीजास्त झाला की पिवळा, धोका असला की लाल. पंधरवड्यात शर्वरीचा पिवळा ठिपका हिरवा झाला. वैशाखात एका सकाळी ती मोरीत तांब्या घासता घासता गुणगुणत होती. मी बाहेर पेटीवर सहज बोट ठेवलं. काळी चार होती.

मी भाता सोडून रडलो. ती राखेच्या हातांनी बाहेर आली आणि मला हसली आणि मग तीही रडायला लागली.

आषाढात आमच्या पेठेतल्या देवीच्या देवळात चातुर्मासाची कीर्तनं सुरू झाली. पहिल्याच दिवशी देऊळ भरलं होतं, कारण शर्वरीताईंचा गळा गेला आणि परत आला, ही बातमी सगळीकडे झाली होती. पूर्वरंग संपवून तिनं झांज खाली ठेवली आणि गळ्यावरच्या हिरव्या ठिपक्याला बोट लावलं.

“हे विज्ञानाचं देणं आहे,” ती म्हणाली. “पण मी आईलाही नवस बोलले होते. माझा आवाज मला दे, मी चार महिने मीठ सोडते. आज तिनं दिलाय. आता माझी पाळी. कार्तिकात तुळशीचं लग्न लागेपर्यंत मी अळणी जेवणार.”

तिनं हे इतकं सुंदर सांगितलं की माझ्याही अंगावर काटा आला. पुढच्या ओळीतून छायाकाकू कोरे उभ्या राहिल्या. त्यांचं भडंगाचं दुकान आमच्या घराच्या कोपऱ्यावर आहे. “ताई, माझंबी बी बसवून महिना झाला,” त्या पदर खोचत म्हणाल्या. “मीपण सोडते मीठ.” मग मागून एक आवाज आला, मग आणखी एक. तोवर गळसरी गावात नवी राहिली नव्हती. थायरॉइड कुणाच्या घरात नाही? शर्वरीनं दोन्ही हात उंच करून गजर केला, “आईचा उदो!” आणि सगळं देऊळ हात वर करून “उदो! उदो!” म्हणालं. आमच्याकडे तो रिवाजच आहे. कीर्तनकाराचे हात वर गेले की सगळ्यांचे वर जातात आणि त्याचे खाली आले की मगच सगळ्यांचे खाली येतात.

घरात आमटी चाखायचं काम माझ्याकडे आलं. ती मीठ घालायची आणि मला वाटी द्यायची, स्वतःचं आधीच वेगळं काढलेलं असायचं. मी तिच्या पानातल्या पांढऱ्याफटक भाजीकडे बघून म्हणायचो, “देवीनं आवाज दिला, पण चव ठेवून घेतली.” ती म्हणायची, “तू बोलू नकोस, पेटीवाला आहेस.” तो पहिला महिना फार सुखाचा गेला. तिच्या आवाजाला अशी धार आली होती की मी वाजवायचं विसरून ऐकत बसायचो.

श्रावणात छायाकाकूंच्या भडंगाचा पुडा आणला तर घास तोंडात धरवेना, इतका खारट. मी दुकानात जाऊन तक्रार केली.

“मी चाखत नाही ना आता, निरंजनराव,” त्या हसून म्हणाल्या. “सूनबाई चाखती, तिचा हात जड आहे.” बोलता बोलता त्या पाणी प्यायल्या आणि त्यांना जोराचा ठसका लागला. डोळे पुसत म्हणाल्या, “मिरच्या भाजल्यात, घसा धरलाय.” मी नवा पुडा घेऊन घरी आलो.

घरी शर्वरीलाही पाण्याचा ठसका लागत होता. भाताचा घास गिळताना ती मान किंचित पुढे काढायची. उशाला एक उशी होती तिथे दोन आल्या, मग तीन. आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, असं म्हणायची. आणि तिचा वरचा सूर टोकाला फाटायला लागला. मी काही न बोलता पांढरी पाच धरली. ह्या वेळी तिनं लगेच वळून पाहिलं.

कंपनीचा एक नंबर होता. त्यावर फोन लावला की गळसरीतून सगळी माहिती आपोआप जायची आणि एक गोड आवाज उत्तर द्यायचा. “तुमची गळसरी हिरवी आहे. तुमची ग्रंथी उत्तम काम करत आहे. काळजीचं कारण नाही.”

“बघ,” शर्वरी म्हणाली. “गाऊन गाऊन घसा बसला असेल. रोजचं कीर्तन आहे.”

मग एका सकाळी ती अंगणात दोरीवर धुणं वाळत घालत होती. मी चहा घेऊन बाहेर आलो आणि थबकलो. ओली साडी पसरायला तिनं दोन्ही हात वर केले होते आणि तिचा चेहरा जांभळट पडला होता. तिनं हात खाली घेतले, तसा तो हळूहळू मूळ रंगावर आला.

“ऊन लागलं,” ती म्हणाली. आभाळ भरून आलेलं होतं.

भाद्रपदातल्या त्या संध्याकाळी उत्तररंग रंगात आला होता. आख्यान संपलं, शर्वरीनं हात वर करून “आईचा उदो!” म्हटलं आणि ते तसेच धरले. लोकांचा गजर चढत गेला. तिच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, चेहरा काळवंडला, डोळे वर गेले आणि ती जागच्या जागी खाली बसली.

लोकांनी काय केलं सांगू? लोकांनी हात जोडले. “अंगात आलं ताईंच्या,” असं कुणीतरी म्हणालं आणि बायका रांग लावून तिच्या पाया पडायला लागल्या. मी पेटी ओलांडून पुढे गेलो आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती श्वास ओढत होती आणि त्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. एका बाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावून माझ्या हातात नारळ दिला. मला तो नारळ तिथेच आपटावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉक्टर मुजावरांसमोर बसलो होतो.

“ताई, दोन्ही हात वर करा. कानाला टेकवा. मी सांगेपर्यंत खाली घेऊ नका.”

शर्वरीचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, आणि ती शिट्टी पुन्हा वाजायला लागली.

“घ्या, घ्या खाली!” डॉक्टर उठून म्हणाल्या. त्यांनी लगेच स्कॅन काढायला लावला. पडद्यावर मला काही कळेना, पण त्यांचा चेहरा कळत होता. ज्वारीच्या दाण्याएवढी लावलेली ग्रंथी छातीच्या हाडामागून पार हृदयाच्या वरच्या टोकापर्यंत उतरली होती. श्वासनळी तिनं एका बाजूला रेटून चपटी केली होती.

“हात वर केले की छातीचं वरचं तोंड आवळतं,” डॉक्टर म्हणाल्या. “ग्रंथी त्यात बुचासारखी अडकते. डोक्याकडचं रक्त खाली उतरत नाही, म्हणून चेहरा असा होतो.”

“पण गळसरी हिरवी आहे की!” मी म्हणालो.

“गळसरी रक्तातला रस मोजते. तो ठीकच आहे. तेवढा रस काढायला ग्रंथीला केवढं व्हावं लागलं, हे ती मोजतच नाही.” त्यांनी शर्वरीकडे पाहिलं. “रस बनवायला आयोडीन लागतं. ते मिळालं नाही की ग्रंथी अंग वाढवून, सगळीकडून ओरबाडून काम भागवते. आपली मूळची ग्रंथी हे सावकाश करते. हिला तर वाढायलाच बनवलंय. तुम्ही जेवता काय?”

“घरचंच,” शर्वरी म्हणाली. “नेहमीचंच. फक्त अळणी.”

“अळणी म्हणजे?”

“मीठ सोडलंय. व्रत आहे, आषाढापासून.”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. “आपल्याकडे आयोडीन येतं ते मुख्यतः मिठातून, ताई,” त्या हळू म्हणाल्या. “ताकादुधातून येतं ते हिला पुरत नाही. आणि मी तुम्हाला सांगितलं, नेहमीचं जेवा म्हणून. ज्यांनी हे बनवलं, त्यांनीही तेवढंच सांगितलं होतं. कुणी मीठच सोडेल, असं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.”

“मग आता मीठ खाते.”

“नाही! एकदम अजिबात नाही. इतकी भुकेली ग्रंथी त्यावर तुटून पडेल, भसाभस रस सोडेल आणि हृदयाला ते झेपणार नाही. ही काढावीच लागेल. उद्या सकाळी. त्याहून उशीर मी करणार नाही.”

“आणि आवाज?”

डॉक्टरांनी प्लॅस्टिकच्या नमुन्यातल्या दोन नसांवर बोट ठेवलं. “दोन्ही नसा हिनं गुंडाळून घेतल्यात. श्वास वाचवीन. आवाज जाईल, ताई.”

मला वाटलं, ती आता कोसळेल. पण तिनं वेगळंच विचारलं. “छायाकाकूंचीपण अशीच झाली असेल?”

तेव्हा मला दुकानातला तो ठसका आठवला.

दुपारभर डॉक्टर गळसरी लावलेल्या बायकांना फोन करत होत्या. बायका अदबीनं ऐकून घेत होत्या आणि एकच उत्तर देत होत्या, गळसरी हिरवी आहे. कुणाच्या घशाची तक्रार होती, पण पावसाळ्यात घसा कुणाचा धरत नाही? व्रत मधेच मोडायला कुणी तयार नव्हतं. कंपनीनं कळवलं की एका रुग्णावरून निष्कर्ष काढू नये, बाकी सर्वांची माहिती समाधानकारक आहे. आणि तुळशीच्या लग्नादिवशी ह्या सगळ्या मीठ घातलेलं जेवण पोटभर जेवणार होत्या.

“आज संध्याकाळी माझं कीर्तन आहे,” शर्वरी म्हणाली.

मी भडकलो. आयुष्यात तिच्यावर इतका ओरडलो नव्हतो. “तुझा श्वास चालत नाहीये! उभी राहून बोलणार कशी? डॉक्टर सांगतायत ना त्यांना!”

“त्यांनी मीठ डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडलं नाही, निरंजन. माझ्या सांगण्यावरून सोडलंय. माझा आवाज ऐकूनच त्या ते मोडतील.” ती थांबून श्वास घेत बोलत होती. “उद्या जाणारच आहे ना तो? मग आज खर्च करून टाकते.”

“मला हवाय ग तो,” मी म्हणालो. “घरात मी काय ऐकू?”

तिनं माझा हात हातात घेतला. “पेटी वाजव,” ती म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही.

शेवटी डॉक्टर ऑक्सिजनची नळकांडी घेऊन स्वतः देवळात आल्या आणि मागच्या खांबापाशी बसल्या. अट एकच होती. शर्वरीनं हात वर करायचे नाहीत.

मी काळी एक धरली. ती गाणार नव्हती, पण नुसत्या बोलण्यालाही खाली सूर असला की तिला बरं वाटतं. देऊळ खच्चून भरलेलं होतं. आदल्या दिवशी ताईंच्या अंगात आलं होतं ना! पुढच्या ओळींत गळ्यागळ्यावर हिरवे ठिपके दिसत होते.

“मी तुम्हाला चुकीचं सांगितलं,” शर्वरी म्हणाली. तो आवाज मी ओळखला नसता. “मीठ सोडल्यानं ही गाठ आत वाढते. बाहेर दिसत नाही. माझी वाढलीय. उद्या सकाळी सगळ्याजणी दवाखान्यात चला. घाबरून घरी मीठ खाऊ नका. आधी तपासून घ्या.”

कुजबुज झाली. छायाकाकू उभ्या राहिल्या. “पण ताई, हिरवी आहे की माझी. बघा.” त्यांचा आवाज घोगरा येत होता आणि तो त्यांना ऐकू येत नव्हता.

“ती खोटं बोलत नाही, काकू. तिला ठाऊकच नाही.” शर्वरीनं शेजारच्या खांबाचा आधार घेतला. “ज्यांच्या गळ्यात ही आहे, त्यांनी दोन्ही हात वर करा. शेजारणीनं तिच्या तोंडाकडे बघा.”

कुणी हात वर केले नाहीत. सगळ्याजणी तिच्याकडे बघत होत्या. त्या ऐकत नव्हत्या असं नाही, त्या वाट बघत होत्या. कीर्तनकाराच्या आधी हात वर करायचे नसतात. मी मागे डॉक्टरांकडे पाहिलं. त्या मानेनं नाही, नाही म्हणत होत्या. शर्वरीनं माझ्याकडे पाहिलं. मी पण नाही म्हणालो, मानेनंच.

तिनं झांज खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

सगळ्या देवळाचे हात तिच्यामागून वर गेले. “उदो!” म्हणून सवयीचा गजर झाला आणि मग विरला, कारण ती गजर करत नव्हती. शांत देवळात मी भाता ओढत होतो. पहिल्या ओळीत छायाकाकूंचा चेहरा लाल झाला. त्यांच्या पलीकडच्या तरुण मुलीचा झाला. मग मागच्या ओळीत, मग त्याच्या मागच्या. एकेक चेहरा जांभळा पडत गेला आणि खाली हिरवे ठिपके तसेच होते. कुणाच्या तरी छातीतून ती शिट्टी ऐकू आली, मग दुसरीकडून. शेजारणी तोंडावर हात घेऊन बघत राहिल्या.

शर्वरीचे ओठ हलले. बास, असं ती म्हणत होती. मला ओठांवरून कळलं, कारण आवाज आला नाही. तिनं पुन्हा तोंड उघडलं, नुसती हवा आली. तिचे गुडघे वाकले, पण बोटं खांबाच्या नक्षीत रुतून हात वरच अडकले होते.

“ताई, खाली घेऊ?” छायाकाकूंनी कसंबसं विचारलं. त्यांचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते. “ताई?”

डॉक्टर गर्दीतून वाट काढत होत्या. मी पेटी सोडून उठलो आणि जन्मात पहिल्यांदा कीर्तनात तोंड उघडलं.

“खाली घ्या!” मी ओरडलो. “हात खाली घ्या!”

एकही हात हलला नाही. माझा आवाज तिथे कुणाच्याच ओळखीचा नव्हता.